न खुरपलेलं अंगण

नानांच्या बागेचा फोटो एकदा धुळ्याच्या एका दैनिकात आला होता. रंगीत, चांगला मोठा. खाली छापलं होतं, 'भर वस्तीत जंगल फुलवणारे निसर्गवेडे आजोबा.' फोटोत एरंडाची हातभर पानं, त्यांच्यावर चढलेली गुळवेल, मागे बोरीचा झाडोरा, आणि या सगळ्याच्या मधोमध पांढरी टोपी घालून, दोन्ही हात काखेत दाबून उभे असलेले नाना. चेहऱ्यावर हसू नावाला नाही. पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाचा काढतात तसा फोटो आलाय, असं मी म्हणालो तेव्हा अक्का, म्हणजे नानांची बायको, तोंडाला पदर लावून हसली. नानांनी पेपरची घडी घातली आणि माझ्याच हातात दिली.

"लई जा मास्तर. आठे नको."

मी मूळचा जळगावचा, गणिताचा मास्तर. धुळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा बायको-मुलांना जळगावलाच ठेवून मी तिथल्या देवपूर भागात नानांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. शनिवारी शाळा सुटली की जळगावची एसटी, सोमवारी पहाटे परत. जळगावच्या माझ्या अंगणात मी पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते आणि त्यांच्या फटीतून गवताची काडी वर आली तर ती चिमट्याने उपटत असे. अशा माणसाला नेमकं नानांचं घर मिळावं, हे माझ्या नशिबाला धरूनच झालं.

ते घर रस्त्यावरून दिसतच नसे. फाटकापासून दारापर्यंत जायला वाट होती, पण सरळ नव्हती. मध्ये जे काही उगवलं असेल त्याला वळसा घालून ती जात असे, आणि पुढच्या महिन्यात आणखी काही उगवलं की आणखी वळत असे. एरंड, रुई, धोत्रा, आघाडा, तरोटा, कुर्डू, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेले कडुनिंब, बोर आणि भोकर, कुंपणभर रानतोंडलीचा वेल. एकही झाड कुणी लावलेलं नव्हतं. लोक बागेत गुलाब-मोगरा लावतात. नानांकडे शेतकरी ज्याला शिव्या घालतो ते सगळं माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढलं होतं, गाजरगवतसुद्धा.

पण हेही सांगायला हवं की मे महिन्यात सगळं देवपूर भट्टीसारखं तापलेलं असताना त्या अंगणात पाऊल टाकलं की जीव गार होई. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी यांची दिवसभर ये-जा. सातभाईंचं टोळकं सकाळी असं भांडे की मला शाळेला उठायला घड्याळ लागत नसे. एक भारद्वाज तर अक्काच्या भांडी घासायच्या जागेपर्यंत चालत यायचा. मी मनातल्या मनात नानांना फार मोठा माणूस समजायला लागलो होतो. धुळ्यात नळाला पाणी येणं म्हणजे सणच, अशा गावात हा माणूस धोत्र्याला पाणी घालत होता. नाना आंघोळसुद्धा एखाद्या झाडाच्या बुडाशी पाट टाकून करत. झाडांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. "आज भोकरना नंबर शे," असं सांगून टॉवेल खांद्यावर टाकून निघत.

त्या वाटेने ते आडवे चालत. कोपराने फांदी बाजूला करायची, अंग चोरून पुढे सरायचं, फांदी हळूच जागेवर सोडायची. माझी सायकल एकदा एका तरोट्याला घासली आणि त्याचं खोड मोडलं. नानांनी चिंधीने ते बांधलं, काडीचा आधार दिला आणि मला एवढंच म्हणाले, "मरनं तर मना नाववर जाई, मास्तर." हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे. उन्हाने काही वाळलं की, वादळात काही मोडलं की, ते त्यांच्या नावावर जाई. मला तो एक म्हाताऱ्या माणसाचा छंद वाटला. डास मात्र ते दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून मारत. त्याबद्दल छेडलं तर म्हणाले, "त्या काय झाडं शेत का?"

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. नानांना त्या बागेत कधी सुखाने बसलेलं मी पाहिलं नाही. ओट्यावर बसत तेव्हा पाठ बागेकडे आणि तोंड भिंतीकडे. चुकून नजर गेलीच आणि एखाद्या जागी हरळी नाहीतर कुंदा फोफावलेला दिसला, की त्यांची बोटं वळवळायला लागत. मग ते हात काखेत दाबून ठेवत, किंवा मांडीखाली घेत. शाळेत खोडकर मुलाला मी तसं बसवायचो. अक्का एकदा म्हणाली, "झोपमा गोधडीना दोरा उपटतस ह्या. मी रोज शिवस, ह्या रोज उपटतस."

अक्काला गाजरगवताने अंगभर खाज सुटायची. हातांवर चट्टे उठलेले असत. एक दिवस तिने वैतागून स्वयंपाकघराच्या दाराशी आलेलं गाजरगवताचं एक रोप उपटून फेकलं. नाना बाजारातून आले आणि त्यांना ते दिसलं. त्यांनी खड्डा करून रोप परत लावलं, तांब्याने पाणी घातलं, वरून टोपलीची सावली केली. संध्याकाळपर्यंत रोपाने मान टाकली ती टाकलीच. नाना जेवले नाहीत. अक्का ताट वाढून त्यांच्यासमोर बसून राहिली आणि शेवटी तीही न जेवता उठली. दुसऱ्या दिवसापासून तिने अंगाला कडुनिंबाचा पाला चोळायला सुरुवात केली. मला हा प्रकार बघून नानांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. गवतासाठी बायकोला उपाशी ठेवणारा निसर्गप्रेमी माझ्या कामाचा नव्हता.

पेपरात फोटो आला तो त्यानंतर. निसर्गमित्रांची एक मंडळी शाल-श्रीफळ घेऊन आली होती. दुर्बिणी गळ्यात, टोप्या डोक्यावर. बाग बघून त्यांचे डोळे विस्फारले. त्यांतल्या एक बाई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्या फार चांगुलपणाने म्हणाल्या, "आजोबा, सगळं सुंदर आहे. फक्त ते गाजरगवत तेवढं काढून टाका. ते आपल्याकडचं नाही, बाकीच्यांना वाढू देत नाही."

नाना म्हणाले, "बाई, मी काढाव नही."

"मग आम्ही काढून देतो."

त्या खाली वाकल्यासुद्धा. नाना मध्ये जाऊन उभे राहिले. हात काखेत तसेच. "आठे कोनीच काही काढानं नही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका फाटला की बाई दचकून मागे सरल्या. नंतर त्यांनी 'तुम्हाला झाडांची एवढी ओढ कशी लागली' असं विचारलं. "माले नही शे ओढ," नाना म्हणाले. मंडळींना ती नम्रता वाटली. त्यांनी नानांना शाल पांघरवली आणि टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर मी अक्काला विचारलं. नाना दळण आणायला गेले होते. ती ओट्यावर बाजरी पाखडत बसली होती, हात न थांबवता तिने सगळं सांगितलं.

नानांचं गाव सोनगीरच्या पलीकडे. शेती दोघा भावांत वाटलेली, नाना मोठे आणि धनराज धाकटा. त्याला सगळे धना म्हणत. दोघांची वावरं लागून, मध्ये एक बांध. देवपुरातलं घर पोरीच्या शिक्षणासाठी म्हणून बांधलेलं, एरवी बंदच असायचं. ती पोरगी आता दोंडाईच्याला दिलेली. त्या वर्षी पावसाळ्यात नानांनी स्वतःच्या मक्यात तणनाशक फवारलं आणि पंप विहिरीवरच्या खोलीत टांगून ठेवला. त्याच आठवड्यात धना तापाने आडवा पडला. त्याच्या कपाशीवर तुडतुडे आणि मावा वाढत चालला होता. धनाने सांगितलं नव्हतं, त्याच्या बायकोनेही सांगितलं नव्हतं. नाना आपणहून उठले. भाऊ आजारी आहे, कपाशी हातची जाईल, म्हणून त्यांनी तोच पंप एक बादली पाण्याने विसळला आणि धनाच्या सगळ्या कपाशीवर कीडनाशक फवारून आले.

तणनाशकाचा पंप एका पाण्याने निघत नाही. सोड्याने, साबणाने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि तरीही शहाणा शेतकरी कपाशीसाठी वेगळाच पंप ठेवतो. नानांना हे माहीत नव्हतं असं नाही. घाई होती. आठ-दहा दिवसांत धनाच्या कपाशीची नवी पानं अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानांसारखी यायला लागली. मग शेंडे वाकले. मग पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळल्या. बांधाच्या अलीकडे नानांचा मका हिरवागार, आणि पलीकडे हे.

"आनि त्याच सालले बांधवरना बोरना झाडवरथून दोघासमा बोलाचाली व्हयेल व्हती," अक्का म्हणाली. "गावले काय, तेवढंच पुरनं. बठ्ठा म्हनेत, नानानी मुद्दाम करं."

धना काहीच म्हणाला नाही. भांडला नाही, पंचात गेला नाही. ताप उतरल्यावर त्याने कपाशीवर नांगर फिरवला. श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बसली. कानबाईचा रोट म्हणजे भाऊकीचं जेवण. घराघरातून धान्य जमवून दळतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच एकत्र बसून खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. त्या वर्षी कानबाई नानांकडे होती. पंगत बसली, धनाचं पान मांडलेलं होतं. धना आला नाही. सगळ्या भाऊकीसमोर ते पान तसंच राहिलं आणि तसंच उचललं गेलं.

पंगत उठल्यावर, अक्काशिवाय कुणी नसताना, नानांनी कानबाईपुढे हात जोडून सांगितलं, धना माझ्या घरात बसून भाकर खात नाही तोपर्यंत हा हात कुठल्याही झाडाला, कुठल्याही गवताला मारायला उठणार नाही. मग शेती करायची कशी? खुरपणी नाही, कोळपणी नाही, नांगरणीसुद्धा नाही. वावर बटाईने दुसऱ्याला कसायला दिलं आणि दोघं देवपुरात आली. अंगणात जे उगवलं ते उगवू दिलं. पहिल्या उन्हाळ्यात ते वाळायला लागलं, तेव्हा नानांनी विचार केला की आपण पाणी दिलं नाही म्हणून मेलं तर तेही मारणंच झालं. तेव्हापासून आंघोळीच्या पाळ्या.

अक्काने सूप खाली ठेवलं. "लोके म्हंतस, बाग शे. बाग कसानी, मास्तर? ती यासनी जन्मठेप शे."

माझा राग तिथे मावळला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा जड गेलं. त्या हिरव्या सावलीत मी वही-पेन घेऊन बसत असे, पक्ष्यांना पोह्यांचे दाणे टाकत असे. त्यानंतर तिथे बसायला मला लाज वाटायला लागली. मी एकदा धीर करून नानांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "मास्तर, मी शेतकरी शे. वावरमा गवतनी काडी दिसनी तर माले भाकर गोड लागे नही. पंचक्रोशीमा मनासारखी खुरपनी कोनी करे नही. आते दखा." त्यांनी बागेकडे नुसती मान वळवली. "माले दुसरं काही नको. धना येवो, मना घरमा बसो, आनि सांगो का, नाना, तू मुद्दाम नही करं. बस."

आणि धना आला.

भाद्रपद होता. दुपारी फाटकाशी एक जीप थांबली. तिच्यातून उतरून एक माणूस आडवा-तिडवा, फांद्यांना शिव्या घालत आत आला. मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं नानाच बाहेरून आले, इतका सारखा बांधा, तीच चाल. फक्त केस जास्त काळे. अक्का दारात आली आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. नाना आतून आले. दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघांनाही काय करायचं ते सुचेना. शेवटी अक्काने सतरंजी टाकली.

धना सहीसाठी आला होता. गावच्या शिवारात सोलरवाले जमिनी भाड्याने घेत होते. त्यांना सलग पट्टा हवा होता, आणि बांध सामाईक असल्याने नानांची सही लागत होती. नानांनी कागद न वाचता सही केली. त्या वावरात आता पुन्हा कधी काही उगवणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष कागदात नव्हतंच.

"धना," ते म्हणाले, "ती कपाशी. मी मुद्दाम नही करं."

"माले मालूम शे," धना म्हणाला.

"कवयपाईन?"

"पह्यला दिनपाईन. तू पंप लई जाई ऱ्हायंता तवय मी खाटवर पडेल दखी ऱ्हायंतू."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. जिन्यात मलाही पुढची पायरी उतरवेना. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी हा माणूस काखेत हात घालून बसला होता, ते वाक्य पहिल्या दिवसापासून त्याचंच होतं, फक्त कुणी आणून दिलं नव्हतं.

"मंग बोलना काब्रं नही?"

धनाने चहाचा कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. तो फार विचार करून, एकेक शब्द काढून बोलला. "तू मुद्दाम करं आसतं ना नाना, तर मी भांडतू. दोन शिव्या देतू, दिवाईले परत एकजाग बसतू. तू ते मनाकरता करं. माले ताप व्हता म्हनीसन करं. मंग राग कोनावर काढू? तुनं तोंड दखं का माले मनी कपाशी दिसे. म्हनीसन दखं नही."

मग नाना एकदम उठले. "भाकर खाईसन जा," ते म्हणाले. "अक्का, भाकर टाक. ठेचा कर."

"आज संकष्ट चतुर्थी शे," धना म्हणाला. "मना उपास शे."

अक्काने चुलीवर तवा ठेवलेलाच होता. ती तशीच थांबली. नाना म्हणाले, चंद्र उगवेपर्यंत थांब, उपास इथेच सोड. धना म्हणाला, जीपवाला थांबणार नाही. जीपवाल्याने हॉर्न वाजवून ते खरं केलं. अक्काने घाईघाईने शेजारून भिजवलेला साबुदाणा आणून परतला, बशीत घालून दिला. धनाने दोन-चार चमचे खाल्ले, हात धुतला, चप्पल घातली. फाटकाशी जाऊन त्याने मागे वळून त्या सगळ्या रानाकडे पाहिलं.

"हाई काय वाढायी ठेयेल शे, नाना? साप निंघतीन."

अक्का सांगायला पुढे झाली. देवीपुढचा बोल तिच्या ओठांवर आला होता. नानांनी तिचा दंड धरला. जीप गेल्यावर ती त्यांच्यावर ओरडलीच, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, त्याने उपास मोडून घास खाल्ला असता! नाना म्हणाले, "तेच तर. मनाकरता खाता तो. मनी कीव करीसन. तसं करनं का काय व्हस, ते मी बरोबर वयखस."

त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात एकच वाद चालू होता. अक्काचं म्हणणं, धना आला, घरात बसला, बोलला, चहा घेतला, साबुदाणा खाल्ला, बोल फिटला. नानांचं म्हणणं, भाकर खाल्ली नाही. मला पंच केलं तेव्हा मी अक्काच्या बाजूने निकाल दिला. नाना म्हणाले, "मास्तर, तुमनं गनित बरोबर शे. पन मी देवीसमोर साबुदाना नही बोलेल." आणि पुढे अगदी सहज, चेहऱ्यावर थोडी तरतरीच होती, "चतुर्थी काय रोज ऱ्हास? येई तो. सोलरनी नोंदनी धुयालेच व्हई."

त्या दिवसांत मी त्यांना फाटकाशी उभं राहून वाट बघताना पाहिलं आहे. कधी नव्हे ते त्यांनी दाढी नियमाने करायला सुरुवात केली. अक्का रोज दोन भाकरी जास्त टाकायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. मला ते बघवत नसे. दिवाळीनंतर माझी बदली परत जळगावला झाली, तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पौषात अक्काचा फोन आला. धनाच्या छातीत दुखायला लागलं, गावातून गाडी करून त्याला धुळ्याला आणत होते, सोनगीरच्या पुढे हायवेवरच संपला. नाना मातीला गेले होते. परत आल्यापासून एकच वाक्य बोलतात, असं ती म्हणाली. "आठेच ई ऱ्हायंता तो." इकडेच येत होता तो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी पुन्हा तिचा फोन. "मास्तर, सकाय या. ह्या काय करी ऱ्हायनात, माले समजस नही. तुम्ही शेजारले ऱ्हावा."

आखाजीला आमच्या खानदेशात पितरांना जेवू घालतात. घागर पुजायची, आंब्याचा रस, खापरावरची पुरणपोळी, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकायचे. त्याला आगारी म्हणतात. गेलेला माणूस त्या दिवशी घरी येऊन जेवतो, असं मानतात. धनाची घागर गावी त्याचा मुलगा भरणार होता. तेच रीतीला धरून होतं. धाकट्याची आगारी मोठा भाऊ टाकत नाही.

मी पोचलो तेव्हा फाटक उघडेना, रानतोंडलीने ते बांधून टाकलं होतं. मी कुंपणावरून उतरलो. नाना ओट्यावर नवं धोतर नेसून बसले होते. फार वाळले होते. समोर घमेल्यात निखारे. बाजूला ताट, आणि त्यात पुरणपोळी नव्हती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि कांदा.

"सननं दिन भाकर वाढतस का कोनी?" अक्का मला म्हणाली. "आनि लहानाले मोठा वाढस का?"

"मी पितर पुजत नही," नाना म्हणाले. "मी त्याले जेवाले बलावस."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि निखाऱ्यावर ठेवला. तो जळून राख होईपर्यंत थांबले. मग दुसरा. समोर माणूस बसला आहे आणि त्याच्या चवीने तो जेवतो आहे, अशा बेताने ते वाढत होते. अख्खी भाकरी संपायला ऊन डोक्यावर आलं. मध्ये एकदा त्यांनी तांब्यातलं पाणी घमेल्याच्या कडेला शिंपडलं. शेवटचा तुकडा विझला तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून रडत होती. मलाही रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

नानांनी हात धुतले. "अक्का, खुरपं दे," ते म्हणाले.

खुरपं माळ्यावर होतं. तिने ते इतकी वर्षं तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. नाना ते घेऊन फाटकापाशी गेले, धोतराचा सोगा खोचला आणि उकिडवे बसले. डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, उजव्या हाताने मुळाखालून खुरपं फिरवायचं, माती झटकायची, मूठ मागे ठेवायची. मी जन्मात अशी खुरपणी पाहिलेली नाही. हात थांबत नव्हते, चुकत नव्हते. आघाडा, तरोटा, हरळी, गाजरगवत, सगळं मुळासकट. पक्षी उठून वायरवर जाऊन बसले आणि कलकलाट करायला लागले. नाना एक पात धरून, म्हणजे एका ओळीत, पुढे सरकत गेले, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, आणि त्यांच्या मागे हातभर रुंदीची काळी माती उघडी पडत गेली. दोरी लावून आखावी तशी सरळ.

भिंतीशी पोचून ते थांबले. दम लागला होता. अक्का पदराने डोळे पुसत पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांत न पाहिलेला उजेड होता. "पानी पेवा," ती म्हणाली. "मंग दुसरी पात धरा."

नानांनी शेजारच्या, माणसाच्या उंचीच्या, हिरव्यागार पट्ट्याकडे पाहिलं.

"ती मी धराव नही," ते म्हणाले. "ती धनानी शे."

अक्काने पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि आत गेली. खुरपणीत ज्याची पात आधी सुटते तो बांधावर टेकतो आणि जोडीदाराची पात सुटायची वाट बघतो. मी संध्याकाळच्या एसटीला निघालो तेव्हा नाना भिंतीला पाठ लावून बसलेले होते.